दिवा : घर आणि शेत यांसाठी पाण्याचे नियोजन

दिवा हे मध्य रेल्वेवरचे मुंब्रा आणि डोंबिवली यांच्यामधले जंक्शन. कारभार ठाणे महापालिकेचा, शेजार कल्याण-डोंबिवलीचा. स्थानकाबाहेर पडताच चाळी आणि इमारतींची दाटी लागते. आगासन, बेतवडे, म्हातार्डी या जुन्या गावांच्या शिवारात मात्र भातखाचरे अजून तग धरून आहेत आणि त्यांच्यापलीकडे तिवरांची खाडी आहे. नळाची वाट पाहणारे बिऱ्हाड आणि पावसाळा सरला की गोड्या पाण्याला पारखा होणारा शेतकरी इथे एकाच प्रभागात राहतात. शहराचा पाणी-आराखडा माणशी लिटरांत मांडला जातो. त्या हिशेबात शेत बसत नाही, आणि दिव्याच्या नियोजनातला खरा प्रश्न तिथेच आहे.

दिव्याला पाण्याचा शेजार आहे, पण ते पाणी खारे. सह्याद्रीतून उतरणारी उल्हास नदी इथवर येईतो खाडी झालेली असते. भरती पार कल्याणपर्यंत चढते. त्यामुळे पिण्याचे पाणी वरच्या अंगालाच उचलावे लागते. ठाणे महापालिकेची स्वतःची योजना भातसा नदीवरील पिसे येथून पाणी घेते. शिवाय स्टेम प्राधिकरण, औद्योगिक विकास महामंडळ आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही ठाण्याला पाणी मिळते. दिवा-मुंब्रा पट्ट्याची भिस्त प्रामुख्याने औद्योगिक विकास महामंडळावर आहे. त्याचे बारवी धरण १९७२ सालचे. उंची वाढवल्यानंतर त्याची साठवण सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर झाली, आणि त्यासाठी तोंडली-काचकोलीसारख्या मुरबाड तालुक्यातील गावपाड्यांनी आपली घरे व जमिनी सोडल्या. धरणातून सोडलेले पाणी जांभूळ येथे उचलून शुद्ध केले जाते आणि मग जलवाहिन्यांनी खाली येते. टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून बाहेर पडणारे आंध्रा धरणाचे पाणीही याच उल्हासला मिळते. ऐन उन्हाळ्यात नदी वाहती राहते त्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे.

लांबच्या वाहिनीच्या टोकाशी असणे हे दिव्याचे जुने दुखणे. वाटेतल्या प्रत्येक जोडणीगणिक दाब उतरत जातो. पाणी ठरावीक तासांपुरतेच सुटते, मग ज्याला परवडते तो नळाला थेट पंप लावतो आणि पुढच्या चाळीतली तोटी कोरडी राहते. उरतो टँकर, नाहीतर हंडा मोर्चा. केवळ मंजूर कोटा वाढवून हे सुटत नाही. उंच टाक्या, विभागवार झडपा, प्रत्येक विभागाला जलमापक आणि अनधिकृत जोडण्यांचा बंदोबस्त ही कामे आधी व्हावी लागतात.

शेताची गरज वेगळ्या जातीची आहे. घराला बाराही महिने रोज सारखेच पाणी लागते. सांडपाणी वाहिन्या असलेल्या शहरासाठी केंद्रीय निकष माणशी १३५ लिटर आहे. भाताला पावसाळा पुरतो, पण वाल जमिनीतल्या ओलीवर काढावा लागतो आणि भाजीपाल्याला उन्हाळ्यात पाणी देताना हात आखडता घ्यावा लागतो. उन्हाळी भाजीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले, तर एका हेक्टरला रोज ५०,००० लिटर लागतात. म्हणजे सुमारे ३७० माणसांचे पाणी. शुद्ध केलेले पिण्याचे पाणी शेतावर सोडणे दिव्याला कधीच परवडणार नाही, हे या एका आकड्यावरून स्पष्ट होते.

खाडीकाठच्या खारजमिनीत तर पाणी देण्याइतकेच पाणी अडवणे महत्त्वाचे. खारबांधात उघाडी असते: भरती आली की तिची झडप पाण्याच्या रेट्याने मिटते, ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. पहिल्या सरींनी जमिनीतले मीठ धुऊन निघाले की भाताची लावणी होते. बांध फुटला किंवा उघाडी गाळाने आणि कचऱ्याने तुंबली की समुद्राचे पाणी खाचरात शिरते आणि जमीन काही वर्षे पिकातून जाते. खारभूमी विकासाचा कायदा १९७९ मध्ये झाला. ज्या महापालिकेच्या हद्दीत असे बांध आहेत तिच्या पाणी-आराखड्यात त्यांची डागडुजी धरलेली असायला हवी.

घर आणि शेत यांचा झगडा वरच्या अंगालाही आहे. भातसा धरण सिंचन आणि मुंबईचा पाणीपुरवठा अशा दुहेरी हेतूने बांधले गेले. आज ते मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे देते, आणि धरणांच्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तिथे तंतोतंत लागू पडते. पालघरच्या सूर्या प्रकल्पाचे पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे वळवण्यास तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी विरोध केला तो याच कारणाने. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. दिव्याने जादा पाणी मागताना ते कोणाच्या शेतातून वळणार आहे हेही मोजले पाहिजे.

यातून वाट दाखवणारे उदाहरण पुण्यात आहे. मुंढवा येथील जॅकवेलमधून शहराचे वापरलेले पाणी उचलून जुन्या मुठा कालव्यात सोडले जाते आणि ते हवेली-दौंड भागातल्या शेतीला मिळते. वर्षाला ६.५ टीएमसी पाणी देण्याचे ठरले होते. मात्र नीट शुद्ध न झालेले पाणी शेतात आल्याची तक्रार शेतकऱ्यांनी वारंवार केली आहे. दिव्यात हा प्रयोग करायचा तर उपनगरी सांडपाण्यात औद्योगिक पाणी मिसळू न देणे, शुद्धीकरण केंद्रापासून शेतापर्यंत वेगळ्या रंगाची स्वतंत्र वाहिनी टाकणे आणि त्या पाण्यातील क्षारांची नियमित तपासणी करून आकडे गावाच्या चावडीवर लावणे, एवढे तरी झालेच पाहिजे. खारजमिनीवर आणखी क्षार ओतले गेले तर त्या पाण्याचा शेतकऱ्याला काही उपयोग नाही. ही वाहिनी टाकण्याची जागा अजून मोकळी आहे. शिवारात इमारती उठण्याआधी ती आराखड्यात राखून ठेवावी.