दरबाराबाहेरचा गवई

यंदाच्या रमजान ईदला बहिणीकडे मिरजेला गेलो होतो. शिरखुर्मा झाला, पाहुणे पांगले, तेव्हा भाच्याने मोबाइल पुढे केला. इन्स्टाग्रामवर स्वतःच्या नावाखाली त्याने लिहिले होते, ‘इंडिपेंडंट आर्टिस्ट’. म्हणजे काय रे, असे विचारले तर म्हणाला, “मामू, किसी का नौकर नहीं.”

हा पोरगा की-बोर्ड वाजवतो. गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रात, लग्नसराईत हळदीला, उर्साला कव्वालांच्या मागे, डिसेंबरात चर्चमधल्या कॅरोलला आणि दोन वर्षांपासून एका अभंगाच्या कार्यक्रमात. मधल्या वेळात मित्रांबरोबर दखनीत रॅप करतो. त्याच्या आईचे एकच दुखणे, “इसका एक ठिकाना नहीं.” मागच्या वर्षी एक स्थळ जुळत आले होते. मुलीकडच्यांनी विचारले, मुलगा काय करतो? बहिणीने खरे सांगितले, “बजाता है.” चहा संपला आणि ती मंडळी पुन्हा फिरकली नाहीत.

त्याही आधी, दोनेक वर्षांपूर्वी, मीच त्याला बसवून उपदेश केला होता. नोकरी बघ, वाजवणे छंद म्हणून ठेव, आणि शेवटी एक वाक्य, “आपल्यात हे चालत नाही.” त्या वाक्याची आज लाज वाटते. ज्या घरात बसून मी ते बोललो, तिथून ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा पायी दहा मिनिटांवर आहे, आणि त्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. मौसिकी जायज की नाजायज, हा वाद मला इथे घालायचा नाही. तो आलिमांमध्ये शतकानुशतके चालू आहे आणि माझ्या लेखाने मिटणार नाही. पण “आपल्यात चालत नाही” हे विधान इतिहासाचे आहे, आणि इतिहास म्हणून ते चूक आहे.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचा. घराणे सारंगियांचे. सारंगी, बीन आणि गाणे असे सगळेच हात त्यांनी लहानपणी चालवले. तरुणपणी भाऊ अब्दुल हक यांच्याबरोबर बडोद्याला आले आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात लागले. त्या काळातल्या गवयाला याहून चांगली नोकरी नव्हती. पगार ठरलेला, मान ठरलेला. ती नोकरी गेली प्रेमापायी. राजघराण्याशी नाते असलेले सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत होती. दोघांनी बडोदा सोडले. एकोणिसावे शतक संपत आले होते. मुसलमान गवई आणि मराठा सरदाराची मुलगी, मागे दरबार नाही, पुढे घर नाही. आजच्या काळात हे जोडपे सुखरूप स्टेशनपर्यंत पोहोचले असते की नाही, कोण जाणे.

खाँसाहेबांचा ‘इंडिपेंडंट’ काळ इथून सुरू होतो आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे चालतो. मुंबई, मिरज, बेळगाव, पुणे, धारवाड, म्हैसूर असे ते फिरत राहिले. म्हैसूर दरबाराने त्यांचा गौरव केला, तिथे ते वारंवार जात. पण खुंटा कुठेच रोवला नाही. मिरजेशी नाते जडले ते आजारपणातून, असे सांगितले जाते. प्लेगच्या दिवसांत ते इथे अंथरुणाला खिळले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाण्याची सेवा केली आणि उठून उभे राहिले. थोरली मुलगी हिराबाई १९०५ साली मिरजेतच जन्मली. आयुष्याच्या उत्तरार्धात घरही इथेच केले.

मिरजच का, याला श्रद्धेखेरीज एक व्यवहाराचे कारण होते. हे गाव तेव्हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे जंक्शन होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवत. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले. बालगंधर्वांनी १९०५ साली शकुंतलेची भूमिका मिरजेतच रंगवली. आणि वाद्यांचे म्हणाल तर फरीदसाहेब शिकलगारांचे घराणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार-तंबोरे घडवत होते. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, घडवणारे. लढाया थांबल्या, तलवारीचे गिऱ्हाईक संपले, तेव्हा या हातांनी तारा ओढायला आणि भोपळे कोरायला घेतले. पुढे शिकलगारांचे सतारमेकर झाले. पंढरपूरकडचा भोपळा मिरजेत येतो, मुसलमान कारागिराच्या हाताखाली तंबोरा होतो आणि पुन्हा कुठल्या तरी अभंगाला सूर देतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. त्या गल्लीतल्या पोरांपैकी किती जण आता या धंद्यात बसायला तयार आहेत, हे तिथे जाऊन विचारा. खाँसाहेबांना स्वतःलाही वाद्य दुरुस्तीचे अंग होते. जवारी लावायला ते दुसऱ्यावर विसंबत नसत.

जवळच कुरुंदवाडला आणखी एक नमुना होता. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ. अफूच्या नादाने बनारसच्या रस्त्यांवर भटकणाऱ्या या गवयाला विष्णुपंत छत्र्यांनी उचलून आणले. छत्रे सर्कसवाले, पण हद्दू खाँचेच शागीर्द. त्यांच्या सर्कशीबरोबर रहिमत खाँ गावोगाव हिंडले. एका तंबूत वाघ-सिंह, दुसऱ्या ठिकाणी रात्री रहिमत खाँचे गाणे! १९२२ मध्ये कुरुंदवाडलाच ते गेले. अब्दुल करीम खाँच्या गायकीत जो आर्त, लांबवलेला सूर आहे, त्यावर रहिमत खाँची छाया आहे, असे जाणकार मानतात. सर्कशीच्या आधाराने जगलेल्या माणसाकडून किराणा घराण्याने काहीतरी घेतले, ही गोष्ट मला फार आवडते.

दरबार नसलेल्या गवयाने पोट कसे भरायचे? खाँसाहेबांनी पाच-सहा वाटा धरल्या. एक, तिकीट लावून जलसे. दुसरी, शाळा. १९१३ च्या सुमारास पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. मुसलमान उस्तादाने शाळेला ‘आर्य’ नाव द्यावे, याचा आजच्या चष्म्यातून वाटेल तो अर्थ काढता येईल. मला त्यात पुण्याचा बाजार ओळखणारा माणूसही दिसतो. विद्यार्थी तिथेच राहत, जेवत. मोबदल्यात जलशांत गात आणि त्या उत्पन्नावर शाळा चाले. यात हिंदू मुले मोठ्या संख्येने होती. उस्ताद लोक विद्या लपवतात, खानदानाबाहेर देत नाहीत, हा आरोप त्या काळात सर्रास होत होता. त्या आरोपाला या शाळेइतके रोखठोक उत्तर दुसरे नसेल. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांचेच शागीर्द. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी त्यांचेच, आणि रोशन आरा बेगमही. खाँसाहेबांनी एक कुत्रा पाळला होता, टिपू मियाँ. तो त्यांच्याबरोबर सुरात सूर मिळवायचा आणि त्यालाही जलशात लोकांसमोर आणले होते, अशी हकीकत सांगतात. ऐकून हसू येते. पण हॉल भरायचा असेल तर माणसाला काय काय करावे लागते, ते माझ्या भाच्याला विचारा.

तिसरी वाट तबकड्यांची. १९०५ मध्येच त्यांनी ग्रामोफोनसाठी गायले आणि अखेरच्या वर्षांत ओडियन कंपनीसाठी. तीन मिनिटांत राग मांडायचा, ही कसरत अनेक बुजुर्गांना अपमानास्पद वाटली. ध्वनिमुद्रणच नको म्हणणारे कितीतरी होते. खाँसाहेबांनी ती तीन मिनिटे आपली केली. त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा घर सोडून पळाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

ख्याल गाणाऱ्याने ठुमरी गायची ती मैफल संपवताना, चवीपुरती, असा तेव्हाचा रिवाज. खाँसाहेबांची ओळखच ठुमरीने झाली. ‘मानापमान’ नाटकातल्या मराठी पदांच्याही त्यांच्या तबकड्या आहेत. गंमत अशी की, सवाई गंधर्व नाटक कंपनीत शिरले तेव्हा हेच उस्ताद नाराज होते! म्हैसूरच्या फेऱ्यांत कर्नाटक संगीत कानावर पडले, तेव्हा तिथली सरगम त्यांनी ख्यालात आणली आणि त्यागराजांची एक कृती चक्क रेकॉर्ड केली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमेंट्स हे बावीस श्रुती मोजू लागले, तेव्हा सूर लावून दाखवायला खाँसाहेब हजर. आणि उर्साला दर्ग्यात, बिदागीविना.

आपल्याकडे अशा माणसाचे चरित्र सांगायची एक ठरलेली चाल आहे. गंगा-जमनी तहजीब, सर्वधर्मसमभाव, दर्ग्यात गाणारा उस्ताद. भाषण संपते, हार घातला जातो. मीही अशी भाषणे केली आहेत. पण या चालीत त्यांच्या कष्टाचा हिशेब नाहीसा होतो. ते पुण्यात, मद्रासमध्ये, मिरजेच्या चिंचोळ्या गल्लीत वेगवेगळे गायले. कारण ऐकणारे वेगळे होते, आणि तिकीट त्यांनीच काढायचे होते. सलोखा दाखवण्यासाठी ते कर्नाटकी शिकले नाहीत. कान उघडा होता म्हणून शिकले, आणि दक्षिणेत श्रोता होता म्हणूनही. या दोन कारणांत कमीपणा कुठला?

या स्वातंत्र्याची किंमतही होती, आणि ती घरानेच मोजली. १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर, सकीनाची पुढे सरस्वती राणे. मराठी माणसाला ही नावे तोंडपाठ असतात, आधीची नावे क्वचित. मुसलमान वाचकांना इथे दुखते, मला माहीत आहे. मलाही पहिल्यांदा वाचले तेव्हा दुखले होते. पण नवऱ्यापासून वेगळी झालेली, पाच मुले पदरात असलेली बाई १९२२ च्या महाराष्ट्रात गाण्यावर जगू पाहते, तेव्हा कुठल्या नावाने तिकीट विकले जाईल आणि कुठल्या नावाने बोटे मोडली जातील, हा विचार तिने केला असणार. तो दोष तिच्याकडे टाकायला माझे मन धजत नाही. समाज तेव्हा काय मागत होता, हे त्या बदललेल्या नावांत लिहिलेले आहे.

मुलांनी मात्र वडिलांचीच चाल पुढे नेली. हिराबाईंची तालीम झाली खाँसाहेबांचे नातलग अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे. कुलीन घरातली बाई चारचौघांत बसून तिकिटावर गाते, हे महाराष्ट्राला त्यांनीच सवयीचे केले. भावंडांनी मिळून नाटक कंपनी काढली, त्यात बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. ख्याल, नाट्यपद, भावगीत, सगळे त्यांच्या गळ्यात होते. सरस्वती राणे १९४३ च्या ‘रामराज्य’ चित्रपटासाठी गायल्या. सुरेशबाबूंच्या हाताखाली प्रभा अत्रे शिकल्या. ठिकाणा एक नसलेल्या घराची ही मिळकत.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासचे कार्यक्रम करून पाँडिचेरीला निघाले होते. वय पासष्टीला आलेले, तरी दौरा चालूच. रेल्वेत छातीत दुखू लागले म्हणून सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनवर उतरले. रात्रीची वेळ. फलाटावर अंथरूण टाकले, तंबोरा लावून घेतला, दरबारी कानड्यात अल्लाहचे नाव घेतले आणि तिथेच डोळे मिटले, असे शागिर्दांनी सांगून ठेवले आहे. दरबार सोडलेल्या माणसाला शेवटी दरबारी आठवावा! मय्यत मिरजेला आणली. तेव्हापासून उर्साच्या दिवसांत दर्ग्यात त्यांच्या नावाने संगीतसभा होते. देशभरातले गाणारे येतात, झाडाखाली बसून रात्रभर गातात. याच उर्साला पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हेही जाता जाता सांगतो.

हे सगळे मी भाच्याला ईदच्या दुपारी सांगत होतो. त्याने मन लावून ऐकले. सवाई गंधर्वांपर्यंत आलो तेव्हा त्याने विचारले, “मामू, खाँसाहेब को लड़की किसने दी थी?”

म्हटले, कुणी दिली नव्हती. ती स्वतः आली होती.

तो हसला, बहीण अजिबात हसली नाही. संध्याकाळी त्याला जयसिंगपूरला हळदीचा कार्यक्रम होता. मी की-बोर्डची एक बाजू धरून रिक्षापर्यंत गेलो. येत्या रविवारी कवठेमहांकाळहून पाहुणे येणार आहेत. ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाचे उत्तर यावेळी मामूने द्यायचे, असे बहिणीने फर्मावले आहे. शनिवारच्या गाडीचे तिकीट काढून ठेवले आहे.