ॲलर्जीचे इंजेक्शन सोबत घेऊन मुलासह विमानप्रवास: पालकांनी काय तयारी करावी?

शेंगदाणे, काजू, तीळ, दूध, अंडे किंवा मधमाशीचा डंख, यांपैकी कशामुळे तरी तुमच्या मुलाला पूर्वी तीव्र ॲलर्जी झाली असेल आणि आता विमानाने प्रवास करायचा असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून दिल्लीला, दुबईला किंवा अमेरिकेतल्या मावशीकडे निघालेले पालक दवाखान्यात साधारण सारखेच प्रश्न विचारतात. इंजेक्शन तपासणीत अडवतील का? उन्हात खराब होईल का? आणि विमानात खरेच वेळ आली तर ते आम्हाला देता येईल का? तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर घरीच, निघण्याच्या काही दिवस आधी तयार करायचे असते.

तीव्र ॲलर्जी कशी ओळखावी?

अंगावर थोड्या गांधी उठणे, खाज येणे, शिंका येणे ही साधी ॲलर्जी. पुढीलपैकी काही दिसले तर ती जीवघेणी ॲलर्जी, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, समजावी:

- आवाज घोगरा होणे, जीभ किंवा घसा सुजणे, गिळता न येणे
- धाप लागणे, छातीतून शिट्टीसारखा आवाज, सतत खोकला
- चेहरा पांढरा पडणे, चक्कर, मूल एकदम गळून जाणे
- गांधी किंवा सूज आणि सोबत वारंवार उलट्या किंवा पोटात जोरात कळा

काही मुलांच्या अंगावर पुरळ अजिबात येत नाही. म्हणून केवळ पुरळाची वाट पाहत बसू नका.

जीव वाचवणारे औषध एकच: ॲड्रिनलिन

आपल्याकडे ॲलर्जी म्हटले की सेटिरिझिनची गोळी, ॲव्हिल किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन हेच आधी आठवते. गोळीने खाज कमी होते, पण बंद होणारी श्वासनलिका उघडत नाही आणि पडलेला रक्तदाब वर येत नाही. स्टेरॉइडला काम करायला काही तास लागतात. काही मिनिटांत काम करते ते मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रिनलिन. ते उशिरा दिले जाणे हाच खरा धोका असतो. योग्य मात्रेत मांडीत दिल्यावर मुलाला थोडी धडधड, थरथर किंवा डोकेदुखी होऊ शकते, पण ती थोड्या वेळात जाते. त्यामुळे शंका असेल तर इंजेक्शन द्यावे.

पेन मिळत नसेल तर काय?

परदेशात या मुलांकडे ॲड्रिनलिनचे तयार पेन असते. मांडीवर दाबले की ठरलेली मात्रा आत जाते. भारतात असे पेन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. स्वतःच्या वापरासाठी मागवायचे असल्यास डॉक्टरांच्या चिठ्ठीसह केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नमुना १२-ए मध्ये अर्ज करावा लागतो. परवाना नमुना १२-बी मध्ये मिळतो. पेन साधारणपणे दोन ताकदींत येते: १५ ते ३० किलो वजनासाठी ०.१५ मिलिग्रॅम आणि त्यापुढे ०.३ मिलिग्रॅम.

आपल्याकडे बहुतेक कुटुंबांच्या हातात असते ते १ मिलीचे काचेचे ॲम्प्यूल आणि सिरिंज. औषध तेच आहे आणि स्वस्तही आहे, फक्त ते भरून घ्यावे लागते. घाईत हे सोपे नसते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात ॲम्प्यूलमधून मात्रा भरायला पालकांना सरासरी १४२ सेकंद लागले, डॉक्टरांना ५२. पालकांनी भरलेल्या मात्रांत प्रचंड तफावतही होती. म्हणून सराव हवा.

१ मिलीमध्ये १ मिलिग्रॅम ताकदीच्या ॲम्प्यूलसाठी मात्रा अशी असते:

- १० किलो: ०.१ मिली
- १५ किलो: ०.१५ मिली
- २० किलो: ०.२ मिली
- २५ किलो: ०.२५ मिली
- ३० किलो व अधिक: ०.३ मिली

तुमच्या मुलाची मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि प्रवासाआधी वजन पुन्हा करा. मागच्या वर्षीची चिठ्ठी वाढत्या मुलाला अपुरी पडते.

सिरिंज १ मिलीची, मिलीच्या खुणा असलेली घ्या आणि तिला साधारण एक इंच लांबीची सुई असू द्या. इन्शुलिनची सिरिंज वापरू नका. तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात, त्यामुळे मात्रा चुकते. तिची सुईही स्नायूपर्यंत पोहोचण्याइतकी लांब नसते. सलाइनचे ॲम्प्यूल घेऊन आई, बाबा आणि सोबत येणारे आजी-आजोबा, सगळ्यांनी डॉक्टरांसमोर दोन-तीनदा भरून पाहावे.

काही डॉक्टर मात्रा आधीच भरलेली सिरिंज देतात. तिच्यावर भरल्याची तारीख हवी, ती उजेडापासून झाकलेली हवी आणि दोन-तीन महिन्यांनी बदलायला हवी. हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा असू द्या.

डॉक्टरांच्या पत्रात काय हवे?

पत्र लेटरहेडवर, इंग्रजीत, सही-शिक्क्यासह आणि अलीकडच्या तारखेचे घ्या. त्यात पुढील गोष्टी असाव्यात:

- मुलाचे नाव, तिकिटावर किंवा पासपोर्टवर आहे अगदी तसेच
- ॲलर्जी कशाची आहे आणि पूर्वी तीव्र त्रास झाल्याची नोंद
- औषधाची दोन्ही नावे: ॲड्रिनलिन आणि एपिनेफ्रिन. अमेरिकेत दुसरेच नाव चालते.
- ताकद, मात्रा, ॲम्प्यूल किंवा पेन किती, सिरिंज आणि सुया किती
- हे औषध केबिनमध्ये, मुलाजवळच असणे आवश्यक आहे, हे स्पष्ट वाक्य

किमान दोन मात्रा पुरतील इतके साहित्य न्या. फुटण्याच्या भीतीने एखादे ॲम्प्यूल जास्त असू द्या. औषध मूळ खोक्यात ठेवा आणि मेडिकलचे बिलही ठेवा. पत्राच्या दोन प्रती व मोबाइलमध्ये फोटो असला की काळजी मिटते.

सुरक्षा तपासणी

सुई केबिनमध्ये नेण्यासाठी वैद्यकीय कारण दाखवावे लागते. म्हणून सामान पट्ट्यावर ठेवण्यापूर्वीच जवानाला सांगा, "मुलाचे ॲलर्जीचे इंजेक्शन आहे, हे डॉक्टरांचे पत्र." पिशवी वेगळी काढून ट्रेमध्ये ठेवा. आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलीची द्रवमर्यादा असते, पण हे औषध तिच्यापेक्षा कितीतरी कमी असते. क्ष-किरण यंत्रातून गेल्याने औषध बिघडत नाही. ॲम्प्यूल कापायची पाती सोबत ठेवू नका. हाताने मोडणारे ॲम्प्यूल आणि गॉजचा तुकडा पुरतो.

बोर्डिंगच्या दाराशी कधी कधी केबिन बॅगा खाली टाकण्यासाठी मागून घेतात. त्या क्षणी औषधाची पिशवी बाहेर काढायला विसरू नका. सर्वात बरे म्हणजे ती खांद्यावरच्या छोट्या पिशवीत असावी आणि विमानात समोरच्या सीटखाली ठेवावी, वरच्या कप्प्यात नाही. आई-बाबांच्या जागा वेगळ्या असतील तर पिशवी मुलाच्या शेजारी बसणाऱ्याकडे राहील.

उन्हाची काळजी

ॲड्रिनलिनला उष्णता आणि उजेड सोसत नाही. डोंबिवलीहून किंवा कल्याणहून मुंबई विमानतळ गाठायला कोंडीत दोन तासही लागतात. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवलेले औषध तेवढ्यात तापते. पिशवी मांडीवर, सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये किंवा बर्फालगतही ठेवू नका. द्रावण गुलाबी-तपकिरी झाले, त्यात कण दिसले किंवा मुदत संपली, तर नवे घ्या.

खाण्याबाबत

प्रवासात मुलाला घरचा डबाच द्या. वडापावची सुकी चटणी, चिक्की, फरसाण, साबुदाणा खिचडी यांत शेंगदाणे किंवा तीळ असू शकतात, हे शेजारच्या प्रेमळ प्रवाशालाही सांगावे लागते. पाकिटावर विसंबताना एक गोष्ट लक्षात ठेवा. भारताच्या २०२० च्या लेबल नियमांत शेंगदाणे, सुकामेवा, दूध, अंडे, मासे, सोयाबीन, ग्लुटेनयुक्त धान्ये यांचा ॲलर्जीसाठी वेगळा उल्लेख सक्तीचा आहे, पण त्या यादीत तीळ नाही. तिळाची ॲलर्जी असेल तर घटकांची संपूर्ण यादी वाचा. ती मोघम असेल तर पदार्थ टाळा.

हे किती गंभीर असू शकते? जुलै २०१६ मध्ये लंडनहून नीसला जाणाऱ्या विमानात पंधरा वर्षांच्या एका मुलीला तिळाची तीव्र ॲलर्जी झाली. विमानतळावर घेतलेल्या सँडविचच्या पावात तीळ होते आणि पाकिटावर तसे लिहिलेले नव्हते. वडिलांनी दोन पेन टोचली, तरी ती वाचली नाही. त्यानंतर इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानात बनवून तिथेच पॅक केलेल्या अन्नावर घटकांची संपूर्ण यादी देणे बंधनकारक झाले. वेळेवर दिलेले ॲड्रिनलिन बहुतेक वेळा काम करते, पण ज्यात काय आहे हे कळत नाही, तो पदार्थ विमानात न खाणे हा पहिला उपचार आहे.

तिकीट काढतानाच कंपनीला ॲलर्जी कळवा आणि चढल्यावर कर्मचाऱ्यांना पुन्हा सांगा. जेवणाचा ट्रे आणि सीटचे हात ओल्या वाइपने पुसून घ्या.

विमानात त्रास सुरू झाला तर

1. आधी इंजेक्शन द्या. मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूला, सरळ आत. शिरेत कधीही नाही.
2. शेजाऱ्याला कर्मचाऱ्यांसाठीची घंटा दाबायला सांगा. "ॲनाफिलॅक्सिस आहे, ॲड्रिनलिन दिले आहे" हे शब्द वापरा. ते प्रवाशांत डॉक्टर आहे का विचारतील, ऑक्सिजन आणतील आणि वैमानिकाला कळवतील.
3. मुलाला आडवे करून पाय उंच ठेवा. धाप लागत असेल तर टेकून बसवा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. उभे करू नका, टॉयलेटपर्यंत चालवू नका. एकदम उभे केल्याने रक्तदाब कोसळू शकतो.
4. दिल्याची वेळ लिहा. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरी मात्रा द्या.
5. दम्याच्या मुलाला इनहेलर स्पेसरमधून द्या, पण इंजेक्शननंतर.

विमानातील वैद्यकीय पेटीत सहसा ॲड्रिनलिन असते, मात्र ती पेटी डॉक्टरांनी वापरण्यासाठी असते आणि डॉक्टर प्रवासात असेलच असे नाही. तिच्या भरवशावर निघू नका. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डबीत ठेवा.

मूल बरे दिसू लागले तरी उतरल्यावर थेट रुग्णालयात जा. काही तासांनी त्रास परत उलटू शकतो, म्हणून देखरेख लागते. विमानतळाच्या वाटेवर त्रास झाला तर इंजेक्शन देऊन १०८ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात वळा. विमान चुकले तर दुसरे मिळते.

आदल्या रात्री तपासून पाहा

- दोन मात्रांचे साहित्य, मुदत आणि रंग पाहिला
- मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा मोठ्या अक्षरांत पिशवीवर चिकटवली
- डॉक्टरांचे पत्र, बिल, मोबाइलमध्ये फोटो
- सेटिरिझिन, इनहेलर, स्पेसर
- घरचा डबा, वाइप
- सोबतच्या प्रत्येक मोठ्या माणसाला पिशवी कुठे आहे आणि आत काय आहे हे माहीत आहे

शेवटचा मुद्दा कुणी तरी मोठ्याने विचारावा आणि बाकीच्यांनी उत्तर द्यावे. तुम्हाला झोप लागली असेल, तेव्हा इंजेक्शन आजीलाच द्यावे लागेल. डॉक्टरांकडे प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी जा, म्हणजे पत्र, औषध आणि सराव, तिन्हींना वेळ मिळेल.