मकोका आणि संभाषण-टेहळणी
महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यातील (१९९९) तरतूद. बुलढाण्याच्या पोलीस अधीक्षकांना कुणाचा फोन ऐकायचा असेल, तर तपासाचे इतर मार्ग का फसले किंवा का फसतील, हे अर्जात लिहावे लागते. परवानगी एका वेळी ६० दिवसांपर्यंतच मिळते. मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलेली ही कलमे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवली, तेव्हा अशा अटींचाही आधार घेतला. अटींपायी तपास अडतो, हा आक्षेप टिकत नाही: तातडीच्या वेळी वरिष्ठांच्या आदेशाने आधी ऐकून ४८ तासांत अर्ज करता येतो. खरी उणीव या परवानग्या तपासणाऱ्या पुनर्विलोकन समितीत आहे. मुख्य सचिव तिचे अध्यक्ष, बाकीचेही सरकारी सचिवच. बाहेरचा न्यायाधीश एकही नाही.