देवांचे हिट पॉइंट

अलौकिक शक्तीशी मर्त्य माणसाचा सामना ही कथावाङ्मयातील जुनी अडचण आहे. शत्रू फार बलाढ्य केला तर नायकाला करण्यासारखे काही उरत नाही. दुबळा केला तर त्याचे अलौकिकत्व संपते. पुराणकारांनी यावर वर आणि वरातील पळवाट हा उपाय योजला. अमेरिकेत १९७०च्या दशकात आकाराला आलेल्या भूमिकाखेळांना हीच अडचण नव्याने भेटली. या खेळांत टेबलाभोवती बसलेले खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात. उरलेले जग, त्यातील राक्षसांसह, सूत्रधार चालवतो. कथेचा शेवट त्यालाही ठाऊक नसतो, कारण निकाल फासे देतात. त्यामुळे शत्रूचे बळ आधीच ठरवून ठेवावे लागते.

या खेळांचे मूळ युद्धखेळांत आहे. गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या नियमपुस्तिकेत ‘हीरो’ चार सैनिकांच्या तोडीचा मानला होता. येथे बळ म्हणजे शिरगणती. त्याच सुमारास मिनेसोटात डेव्ह आर्नेसन ‘ब्लॅकमूर’ हा खेळ चालवीत होता. त्यात एका खेळाडूचे व्हँपायर झालेले पात्र इतके प्रबळ झाले, की इतरांना ते आवरेना. आर्नेसनने व्हँपायरचे बळ कमी केले नाही. त्याच्यासमोर धर्मोपदेशकाचे पात्र उभे केले. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या गायगॅक्स-आर्नेसन यांच्या खेळात तेच ‘क्लेरिक’ म्हणून स्थिरावले. श्रद्धेच्या बळावर प्रेतयोनीला परतवणे हे त्याचे सामर्थ्य. नवशिक्या क्लेरिकपुढे सांगाडे पळत, व्हँपायर मात्र हलत नसे. हा तोल लोककथेच्या तर्काने साधलेला होता.

पुढे आकड्यांचे राज्य वाढले. ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ (१९७६) या पुस्तकात ग्रीक, नॉर्स इत्यादी दैवतांबरोबर भारतीय दैवतेही आली. प्रत्येकाला हिट पॉइंट, म्हणजे किती घाव सोसता येतील याचा आकडा, दिलेला होता. खेळाडूंची पात्रे बेसुमार बलवान होऊ लागली होती; देवांचे मोजमाप पाहून त्यांना लगाम बसेल, असा प्रास्ताविकाचा रोख होता. परिणाम उलटाही झाला. ‘डेइटीज अँड डेमीगॉड्स’ (१९८०) मध्ये झ्यूसला ४०० हिट पॉइंट आहेत. आणि ज्याला आकडा आहे, तो शून्यावर आणता येतो. इंद्र, वरुण, यम हेही या कोष्टकात शिरले, तेव्हा त्यांच्याविषयीच्या कथा मागे राहिल्या आणि बळ तेवढे पुढे आले.

या आकडेमोडीला वेगळे उत्तर सँडी पीटर्सनच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ने (१९८१) दिले. लव्हक्राफ्टच्या कथांवर आधारलेल्या या खेळात शत्रूशी बरोबरी अपेक्षितच नाही. पात्रांजवळ मन:स्वास्थ्याचा साठा असतो आणि भयंकराच्या दर्शनाने तो घटतो. त्या शक्तींचे ज्ञान जितके वाढते, तितकी मन:स्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते. खेळाडूला निवड उरते ती किती जाणून घ्यायचे याची.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीने (२०००) मात्र गणिताची वाट पक्की केली. प्रत्येक शत्रूला आव्हानांक मिळाला आणि चार पात्रांच्या गटाशी त्याचे प्रमाण बसवले गेले. सूत्रधाराची सोय झाली, अकारण मरणारी पात्रे वाचली. हा लाभ लहान नाही. परंतु समोर आलेला पिशाच्च आपल्याला झेपेल इतकाच असणार, हे खेळाडूला ठाऊक झाले की भीती ओसरते.

न्याय आणि भय यांतील हा ताण एका सूत्राने मिटणारा नाही. तरीही या इतिहासातून निवड करायची, तर ब्लॅकमूरच्या तोडग्याकडे पुन्हा वळावेसे वाटते. शत्रूला किती बळ द्यावे याबरोबरच तो कशाने हरतो हेही आर्नेसनने विचारले. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फाशांपाशी नसते. ते कथेलाच द्यावे लागते.