५० की २००? प्रौढांच्या जलतरण स्पर्धेमागचा इतिहास

आपल्या भागात मानपाडे दोन. एक ठाण्यात घोडबंदर रोडवर, दुसरा डोंबिवली पूर्वेला. दोन्हीकडे टॉवर उभे राहिले आणि टॉवरांसोबत सोसायटीचे स्विमिंग पूल आले. सकाळी ऑफिसच्या आधी तिथे पोहणारी तिशी-चाळिशीतली मंडळी तुम्ही पाहिली असतील, कदाचित तुम्ही त्यांच्यातलेच असाल. मग एक दिवस ग्रुपवर मास्टर्स स्पर्धेचा फॉर्म येतो. ५० फ्रीस्टाइल, १०० बॅक, २०० मिडले, पुढे रिकाम्या चौकोनी चौकटी. आणि हात शिवशिवतात: सगळीकडेच टिक करू या की!

आजचा भाग त्या चौकटींबद्दल आहे. कारण माझं मत असं आहे की प्रौढांच्या स्पर्धेतली अर्धी शर्यत फॉर्म भरतानाच ठरते. आणि हे इतिहासातून फार छान दिसतं.

सुरुवात १९७० पासून करू. तोवर पोहण्याची स्पर्धा म्हणजे पोरांचं काम. विशीत माणूस 'रिटायर' व्हायचा. अमेरिकन नौदलातले एक डॉक्टर, रॅन्सम आर्थर, यांना वाटत होतं की मोठ्या माणसांनी व्यायाम टिकवावा यासाठी समोर काहीतरी ध्येय हवं, आणि स्पर्धा हे चांगलं ध्येय आहे. जॉन स्पॅनथ या प्रशिक्षकांनी ही कल्पना उचलली आणि मे १९७० मध्ये टेक्सासमधल्या अमरिलो गावात पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली. पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा १९८६ मध्ये टोकियोत भरली. आपल्याकडे भारतीय जलतरण महासंघही मास्टर्सची राष्ट्रीय स्पर्धा घेतो.

म्हणजे बघा, हा खेळ जन्मालाच आला तो तब्येतीसाठी. म्हणून त्याचे नियमही मायाळू आहेत. वयोगट २५ पासून पाच-पाच वर्षांचे, आणि वय धरतात ते त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरचं. डिसेंबरात चाळिशी पूर्ण होणार असेल, तर जानेवारीपासूनच तुम्ही ४०-४४ मध्ये. उडी मारायची भीती वाटते? मास्टर्समध्ये पाण्यात उतरून भिंतीला रेटा देऊनही सुरुवात करता येते. बटरफ्लायमध्ये ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते. हा बटरफ्लायच्या जन्माचा अवशेष आहे: १९३० च्या दशकात ब्रेस्टस्ट्रोकवालेच हात पाण्यावरून फिरवू लागले आणि १९५२ नंतर तो वेगळा प्रकार झाला.

आता १९७२ चा ऑगस्ट महिना. एकाच देशात, पश्चिम जर्मनीत, दोन माणसांपुढे हाच चौकटींचा प्रश्न होता.

पहिले आपले मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लष्करात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पोहणं आलं ते उपचार म्हणून. हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ते भालाफेकीच्या दोन प्रकारांत उतरले, स्लालममध्ये उतरले, आणि पाण्यात ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये. ते ५० मीटर त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार केलं आणि भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळालं.

त्याच महिन्याच्या शेवटी म्युनिकला ऑलिम्पिक सुरू झालं. तिथे मार्क स्पिट्झने सात सुवर्णं जिंकली, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी सांगितलं जातं ते हे, की १०० मीटर फ्रीस्टाइल सोडून द्यावी असं त्याच्या मनात घोळत होतं. बाकीच्या जिंकल्या आणि ही हरलो तर? प्रशिक्षक शर्म शाव्हूर यांनी त्याला तयार केलं. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम पोहणाऱ्यालाही कुठे उतरायचं आणि कुठे नाही, हा प्रश्न पडतोच.

तोच स्पिट्झ चाळिशी ओलांडल्यावर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकसाठी परत आला. या वेळी त्याने लक्ष ठेवलं एकाच शर्यतीवर, १०० मीटर बटरफ्लाय. निवडचाचणीला लागणारी पात्रता वेळ त्याला गाठता आली नाही. पण वयाप्रमाणे यादी छोटी करणं, हे मास्टर्सचं खरं गणित त्याने केलं होतं.

आता आपल्या घरचं उदाहरण. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल, तिन्हींत उतरला होता. २०१० मध्ये आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळालं ते ५० मीटर बटरफ्लायमध्ये. पुढे तो तहसीलदार झाला. नोकरी सांभाळून तो २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० फ्रीस्टाइलला उतरला. प्राथमिक फेरीत २२.४३, राष्ट्रीय विक्रम! अंतिम फेरीत २२.४७. ब्राँझ गेलं २२.४६ ला. फेरीतली वेळ अंतिम फेरीत पुन्हा आली असती तर पदक होतं. एकाच दिवसात दोनदा जीव तोडून पोहणं किती अवघड असतं, ते या चार शतांश सेकंदांत दिसतं. पुढे २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने आणि त्याची पत्नी ऋजुता खाडे हिने, दोघांनीही ५० फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं.

यातून आपण काय घ्यायचं?

एक. फॉर्मबरोबर कार्यक्रमपत्रिका मागा. शर्यतींचा क्रम बघा. २०० फ्रीनंतर लगेच १०० बटरफ्लाय असेल तर एक सोडा. मधल्या वेळात खुर्चीवर बसून राहू नका, दहा-पंधरा मिनिटं हळू पोहा किंवा चाला, पाय मोकळे राहतात.

दोन. ५० मध्ये दम राखायला वेळच नसतो, पण १०० पासून हिशोब सुरू. समजा तुमचे १०० मीटर १ मिनिट ४० सेकंदांत होतात. उडीचा फायदा धरून पहिले ५० साधारण ४८ सेकंदांत, पुढचे ५२ मध्ये. उत्साहात पहिले ४३ मध्ये मारलेत, तर दुसऱ्या टोकाला हात दगडासारखे होतात आणि साठ सेकंदही लागू शकतात. २०० साठी ५२, ५६, ५७, ५५ असं काहीतरी बसवा: ३ मिनिटं ४० सेकंद. तिसरा टप्पा सगळ्यात फसवा. तिथे मन पळतं, वेग पडतो.

तीन. आपल्या सोसायटीचे बरेच पूल २५ मीटरही नसतात. दर पंधरा-वीस मीटरला भिंत मिळते, रेटा मिळतो, क्षणभर श्वास मिळतो. ५० मीटरच्या पुलात तो मिळत नाही. तेव्हा घरची वेळ फॉर्मवर लिहू नका. आधी दोन-तीनदा मोठ्या पुलात पोहून बघा. बहुतेक मास्टर्स स्पर्धांत फेऱ्या नसतात, एकदाच पोहायचं आणि घड्याळ निकाल देतं. त्यात शेजारची लेन लिहिलेल्या वेळेवरून ठरते, म्हणून खोटी वेगवान वेळ दिलीत तर शेजारच्याच्या मागे धावून पहिल्याच ५० मीटरमध्ये संपाल.

आणि चाळिशीपुढे असाल, बीपी-शुगर असेल, तर फॉर्मच्या आधी डॉक्टर. डॉ. आर्थर यांनी सगळा खटाटोप माणसं तंदुरुस्त राहावीत म्हणून केला होता, ते विसरू नका.

पहिल्या स्पर्धेला माझा सल्ला: एक ५०, एक १००, आणि मध्ये भरपूर वेळ. २०० पुढच्या वर्षी. तुम्ही कुठल्या चौकटीत टिक केलीत ते मला नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!