सांभार आणि गोडनिंब

मानोऱ्याच्या बाजारांत कोथिंबीर मागितली तर ती मिळेल. पण विकणारी बाई तिला बहुधा ‘सांभार’च म्हणेल. पुण्यामुंबईच्या पाहुण्यास ‘सांभारवडी’ हें नांव ऐकून दक्षिणी आमटी आठवते, आणि पानांत पडते ती कोथिंबिरीच्या सारणाची वडी! वऱ्हाडांतील ह्या एका शब्दाचा माग काढीत गेलें, तर स्वयंपाकघराचा बराच जुना इतिहास हातीं लागतो.

संस्कृतांत ‘संभार’ म्हणजे जमविलेली सामग्री. जेवणास चव आणणाऱ्या जिनसांस तें नांव पडून पुढें आमच्याकडे तें सर्वांत आवडत्या पानासच चिकटलें असावें, असा माझा तर्क आहे. ‘कोथिंबीर’ हा शब्द निराळ्या घरचा. पाणिनीच्या अष्टाध्यायींत ‘कुस्तुंबुरु’ आहे. कानडी ‘कोत्तंबरी’ त्याच कुळांतली. वनस्पति मात्र पश्चिमेकडची, भूमध्य समुद्राच्या बाजूची. मिसर देशांतील तूतनखामेन राजाचें सुमारें ३३०० वर्षांपूर्वींचें थडगें १९२२ सालीं सांपडलें, त्यांतही धने निघाले.

गोडनिंब, म्हणजे आपला कढीलिंब, इथलाच. १७७१ सालीं लिनियसनें त्यास शास्त्रीय नांव दिलें, तें दक्षिण हिंदुस्थानांत वनस्पति जमविणाऱ्या कोनिग नांवाच्या वैद्याच्या गौरवार्थ. पिढ्यान् पिढ्या फोडण्या दिल्या आमच्या बायकांनी, आणि नांव लागलें पाहुण्याचें! असो.

ह्या झाडास कोणी मुद्दाम पाणी घालीत नसे. न्हाणीचें सांडपाणी परसांत जाई, त्यावर अळूचा वाफा व गोडनिंब पोसला जाई, आणि शेजारीण येऊन डहाळी तोडून नेई. पुढें पाण्याच्या मोऱ्या बंद गटारांस जोडल्या गेल्या, परसांवर खोल्या चढल्या, आणि मागून आणावयाचें पान विकत आणावें लागलें. मला ह्या फरकांत पैशापेक्षां वासाची हानि मोठी वाटते. पानाचा सुवास उडून जाणाऱ्या तेलांत असतो. म्हणून तर कोथिंबीर पातेलें उतरल्यावर घालतात. गोडनिंब मात्र तापल्या तेलांत टाकावा, कारण त्याचा वास तेलांत उतरून राहतो. दोन दिवसांच्या सुकल्या जुडींत तो शोधावा तरी कोठें?

परस नसलें तरी सज्जांत कुंडी राहते. एका धन्यांत दोन बिया असतात. तो हलकेंच रगडून दुभंगावा, रात्रभर भिजवावा आणि पेरावा. आठदहा दिवसांत कोंब दिसतो. हिंवाळ्यांत पान रुंद येतें. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत मात्र रोप लौकर फुलावर जातें. तेव्हां तें उपटूं नये. धने धरूं द्यावे, आणि वाळले म्हणजे पुढच्या पेरणीकरितां डब्यांत ठेवावे.