धावपट्टी कुणाची? तारापूर, नेवाळी आणि अवकाशतळाचं स्वप्न

आज एका विचारप्रयोगापासून सुरुवात करतो. जे घडलेलं नाही ते घडलं असं धरायचं आणि मग काय काय हलतं ते पाहायचं, ही तत्त्वज्ञानाच्या वर्गातली जुनी सवय आहे. तर असं धरा, की पालघर-बोईसरच्या पट्ट्यात एखादी जुनी, वापरात नसलेली धावपट्टी आहे आणि उद्या कुणी येऊन सांगितलं, 'इथे खासगी कंपन्यांसाठी अवकाशतळ उभारू. उपग्रह इथून उडतील, जिल्ह्याचा कायापालट होईल.' आपण काय म्हणावं?

ही कल्पना हास्यास्पद नाही. जगात बंद पडलेल्या विमानतळांचे अवकाशतळ झालेले आहेत. म्हणून तिची थट्टा न करता ती नीट तपासू. आणि त्यासाठी शाळेतलं एक हत्यार घेऊ: विभक्ती. 'तारापुरात विकास झाला' ही सप्तमी. 'तारापूरचा विकास झाला' ही षष्ठी. पहिल्या वाक्यात तारापूर ही फक्त जागा आहे, दुसऱ्यात ते विकासाचं धनी आहे. या दोन प्रत्ययांमध्ये गेली साठ वर्षं या जिल्ह्याचा इतिहास अडकलेला आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी भूगोल उरकून घेऊ, कारण तो कुणाच्या भाषणाला भीक घालत नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. आपल्या अक्षांशावर हा वेग सेकंदाला साधारण ४३७ मीटर भरतो. पूर्वेकडे रॉकेट सोडलं तर हा वेग फुकट मिळतो. पण पालघरच्या पूर्वेला जव्हार-मोखाडा, सह्याद्री आणि नाशिक आहे. रॉकेटचे टप्पे जळून खाली पडतात, ते वस्तीवर पाडता येत नाहीत. सरळ दक्षिणेला सोडावं, तर जवळजवळ त्याच रेखांशावर मुंबई. पश्चिमेला समुद्र आहे, पण तिकडे सोडणं म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याविरुद्ध जाणं. इस्रायल नाइलाजानं तसं करतो आणि उपग्रहाचं वजन कमी ठेवून त्याची किंमत मोजतो. शिवाय आपल्या समुद्रात मुंबई हायचे तेलाचे फलाट आहेत, जहाजांची वर्दळ आहे, सातपाटीच्या पापलेटच्या होड्या आहेत. आणि किनाऱ्यावरच अणुऊर्जा केंद्र. तेव्हा उभं रॉकेट सोडण्याचा तळ इथे शहाणपणाचा नाही. राहतो तो धावपट्टीचा पर्याय: विमान रॉकेट घेऊन दूर समुद्रावर जाणार आणि तिथून ते सोडणार. तसे तळ जगात झाले, त्यांचं पुढे काय झालं ते पाहू.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये न्यूकी इथे हवाई दलाचा जुना तळ होता. तिथे अवकाशतळ झाला. ९ जानेवारी २०२३ च्या रात्री व्हर्जिन ऑर्बिटच्या विमानानं रॉकेट नेलं, रॉकेट सुटलंही, पण कक्षेत पोचलं नाही. त्यातले नऊ उपग्रह गेले. एप्रिलमध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात बर्न्स फ्लॅट नावाच्या छोट्या गावाजवळ हवाई दलाचा तळ १९६९ मध्ये बंद झाला. मागे उरली चार किलोमीटरहून लांब धावपट्टी. २००६ मध्ये तिला अवकाशतळाचा परवाना मिळाला. ज्या कंपनीच्या भरवशावर हे चाललं होतं ती २०१० मध्ये बुडाली. तिथून अजून एकही रॉकेट अवकाशात गेलेलं नाही.

तिसरं उदाहरण यशाचं. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं मोहावी. दुसऱ्या महायुद्धात हा लष्करी विमानतळ होता. जून २००४ मध्ये परवाना मिळाला आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेला खासगी पैशानं बांधलेलं पहिलं माणसासहित यान तिथून शंभर किलोमीटरच्या वर गेलं. हे कसं जमलं? ज्यानं ते यान घडवलं तो बर्ट रुटान १९७४ पासून त्याच धावपट्टीच्या कडेला विमानं बांधत होता. तीस वर्षांचं कसब आधी होतं, परवाना मागून आला. बर्न्स फ्लॅटमध्ये परवाना आधी आला आणि कसब येण्याची वाट पाहिली गेली. मला वाटतं, या तीन गावांचा धडा एवढाच आहे.

आता घरी येऊ. भारताचं पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंबा या कोळीवाड्यातून उडालं. जागा निवडली गेली, कारण चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं. सेंट मेरी मॅग्डलीन चर्चची इमारत कार्यालय झाली, मच्छीमार कुटुंबांनी जागा सोडली. पुढे पूर्व किनाऱ्यावर श्रीहरिकोटा निवडलं गेलं, तिथे यानादी आदिवासींची वस्ती होती. २८ फेब्रुवारी २०२४ ला तमिळनाडूतल्या कुलशेखरपट्टिनमला नव्या तळाची पायाभरणी झाली. श्रीलंकेला वळसा न घालता तिथून थेट दक्षिणेला जाता येतं. म्हणजे बघा, निवड प्रत्येक वेळी भूगोलानं केली आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ती कळवली गेली. खासगी कंपन्याही याला अपवाद नाहीत. स्कायरूटचं विक्रम-एस २०२२ मध्ये आणि अग्निकुलचं रॉकेट २०२४ मध्ये उडालं, दोन्ही श्रीहरिकोट्यातूनच.

मग बंद धावपट्टीचा प्रश्न आपल्याकडे कुठे उभा राहिला? दूर जायला नको. पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. त्याच जुन्या जिल्ह्यात, कल्याणजवळ नेवाळी आहे. १९४२ साल. जपान ब्रह्मदेशापर्यंत आलेला. इंग्रज सरकारनं युद्धकाळातल्या अधिकारानं नेवाळी परिसरातल्या सतरा गावांची सोळाशे एकरांच्या आसपास जमीन धावपट्टीसाठी घेतली. त्याच वर्षी १४ ऑगस्टला पालघरच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. एकाच जिल्ह्यात, एकाच साली, 'चले जाव' म्हणणारे लोक आणि लोकांना जमिनीवरून 'चला' म्हणणारं सरकार.

युद्ध संपलं, विमानं गेली. शेतकरी त्या जमिनीत पुन्हा भात लावू लागले. गरज संपली की जमीन परत, अशी त्यांची समजूत होती. कागदावर जमीन संरक्षण खात्याकडे राहिली. अधूनमधून तिथे विमानतळ करण्याच्या कल्पना निघाल्या. नौदलानं कुंपणाची भिंत बांधायला घेतली आणि २२ जून २०१७ ला उद्रेक झाला. रस्ते अडले, गाड्या जळल्या, पोलिसांच्या छऱ्यांनी माणसं जखमी झाली. पंचाहत्तर वर्षांपूर्वीची तात्पुरती गरज नातवंडांच्या अंगावर आली.

इथे तत्त्वाचा प्रश्न आहे. ज्या कारणासाठी जमीन घेतली ते कारण संपलं, तर तो घेण्याचा हक्क शिल्लक राहतो का? नैतिक उत्तर मला तरी सरळ दिसतं: कारण हाच त्या हक्काचा पाया होता. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १०१ मध्ये हा विचार अर्धामुर्धा आला आहे. पाच वर्षं जमीन न वापरल्यास ती मूळ मालकाला परत करावी किंवा सरकारच्या भूमी बँकेत जमा करावी. त्या 'किंवा'नं बरंच पाणी घातलंय, आणि १९४२ च्या माणसांना तर हा कायदा लागूच नाही. पण बंद धावपट्टीकडे 'रिकामी जागा' म्हणून पाहणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं, की ती बहुधा रिकामी नसते. तिच्यावर कुणाचा तरी न फिटलेला हिशेब असतो.

आता तारापूर. इथे मी थोडा रेंगाळणार आहे. अवकाशतळ येईल तेव्हा येईल, पण त्याच्या तोडीचं, किंबहुना त्याहून मोठं यंत्र इथे आधीच येऊन गेलेलं आहे. १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आणि १९६९ मध्ये देशातली पहिली अणुवीज इथून वाहू लागली. त्या काळात 'तारापूर' हा शब्द देशभर अभिमानानं उच्चारला जाई. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेनं इंधनाचे हात आखडते घेतले, तेव्हा घिवली-उनभाटच्या शेजारची ही भट्टी आंतरराष्ट्रीय राजकारणाचा विषय झाली. पुढे फ्रान्सनं इंधन दिलं. नंतर ५४० मेगावॉटच्या दोन स्वदेशी अणुभट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठली. समुद्रावर जगणारी माणसं समुद्रापासून दूर नव्या वसाहतीत गेली. घर मिळालं, पण होडी लावायला किनारा मिळाला नाही. पुनर्वसनाचे वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालले.

भट्टीशेजारी औद्योगिक वसाहत आली. रसायनं, औषधं, पोलाद, कापड. बोईसर हे साधं स्टेशन होतं, त्याचं शहर झालं. हजारो घरांची चूल त्यावर पेटली, हे कुणी नाकारू नये. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत पहिला नंबर तारापूरचा होता. सामुदायिक प्रक्रिया केंद्राची क्षमता तेव्हा २५ एमएलडी होती, सांडपाणी त्याहून जास्त, आणि ते जाणार समुद्राला. याविरुद्ध हरित लवादाकडे कोण गेलं? मांगेला समाजाची परिषद. म्हणजे मासेमारी करणारा समाज. २०२२ मध्ये लवादानं कारखान्यांवर आणि प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसवली, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्तमी आणि षष्ठीतलं अंतर इतकं आहे. कारखाना तारापुरात आला, माल देशाचा झाला, सांडपाणी मात्र तारापूरचं.

आणि हा इतिहास संपलेला नाही. वाढवण बंदराला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं १९९८ मध्ये नकार दिला होता. त्याच प्राधिकरणानं २०२३ मध्ये परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये त्याची पायाभरणी झाली, किंमत ७६,२२० कोटी रुपये. बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला होतंय. समुद्रात भराव टाकून विमानतळाचीही चर्चा आहे. बंदर चांगलं की वाईट, यावर आज मी मत देत नाही. माझा आग्रह एवढाच, की अवकाशतळ असो की बंदर, तीन प्रश्न आधी विचारा. घेतलेल्या जमिनीचं कारण संपलं तर ती कुणाकडे जाईल, हे करारात लिहिलंय का? यंत्र बंद पडलं, कंपनी बुडाली, तर गावाकडे कोणतं कसब शिल्लक राहील? आणि घाण कुणाच्या दारात जाईल? कॉर्नवॉल, नेवाळी आणि तारापूर ही या तीन प्रश्नांची तीन उत्तरपत्रिका समजा.

दुसऱ्या प्रश्नात थोडी आशा आहे. अवकाश उद्योग म्हणजे फक्त उड्डाणाची जागा नव्हे. इस्रोच्या रॉकेटचं विकास इंजिन विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात घडतं. रॉकेट मोटारीची कवचं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनत आली आहेत. साखर कारखान्याच्या गावाला हे जमलं, कारण तिथे यंत्रं घडवणारे हात होते. आपल्याकडे हात नाहीत का? चिंचणी, वरोर, वाढवणच्या घराघरांत सोन्याच्या दागिन्यांच्या डाय कोरणारे कारागीर आहेत. मिलिमीटरच्या अंशाचं काम ते डोळ्यानं आणि बोटानं करतात. बोईसरला पोलादाचं काम जाणणारे कामगार आहेत. या मंडळींना अचूक यंत्रकामाची आधुनिक शाळा, तपासणीची प्रयोगशाळा आणि सरकारी मागणीत थोडी जागा मिळाली, तर खर्च बंदराच्या किंवा अवकाशतळाच्या पासंगालाही पुरणार नाही. त्यासाठी कुणाचं गाव उठवावं लागणार नाही. आणि उद्या एखादी कंपनी बुडाली, तरी शिकलेलं बोट दुसरं काम करील.

तेव्हा विचारप्रयोगातल्या त्या पाहुण्याला काय सांगायचं? धावपट्टीचा नकाशा त्यानं गुंडाळून ठेवावा. आधी सातबारा काढावा, मग चिंचणीच्या कारागिराच्या घरी चहाला यावं. बाकी चर्चा तिथे करू. आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.